खरवडलेले पट्टे

१

दरवर्षी बर्फ वितळलं की माझे सासरे चार दिवस डोंगरात झाडं रंगवायला जायचे. ऐकणाऱ्याला ते खुळ्यासारखं वाटायचं, म्हणून सासूबाई हयात असताना शेजाऱ्यांना ‘हवापालटाला गेलेत’ एवढंच सांगायच्या.

ती डोंगरवाट फार लांब आहे. पुरी चालायची तर दोन महिने लागतात. वाटेची निगा राखणाऱ्या मंडळानं तिचे तुकडे पाडून ते हौशी माणसांना वाटून दिलेत. सासऱ्यांच्या वाट्याला आलेला तुकडा सगळ्यात आडबाजूचा. रेंज नाही, वस्ती नाही, मधे तीन निवारे, बस्स. काम मात्र सोपं. थोड्या थोड्या अंतरावर झाडाला किंवा दगडाला पिवळा पट्टा असतो, चार बोटं रुंद आणि वीतभर लांब. फिका पडला की पोलादी पातीनं खरवडायचा आणि नवा मारायचा. झाडाच्या दोन्ही अंगांना मारायचा, कारण वाटेनं माणसं दोन्हीकडून येतात.

बावीस वर्षं त्यांनी हे केलं. मग गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा त्यांनी मंडळाला कळवून तो तुकडा माझ्या नावावर करून टाकला.

“लग्नात तुम्हाला काहीच दिलं नव्हतं,” ते म्हणाले. “आता हे घ्या, जावईबापू.”

पहिल्या खेपेला तेही येणार होते, शिकवायला. निघायच्या आदल्या संध्याकाळी बायकोनं मला स्वयंपाकघरात बोलावून दार लोटलं.

“बाबांवर लक्ष ठेव. मागच्या महिन्यात दोनदा गॅस चालू ठेवून फिरायला गेले. परवा मला आत्याच्या नावानं हाक मारली.”

“अगं, सत्तरी ओलांडली की होतंच असं.”

“होत असेल. तू नुसतं लक्ष ठेव, आणि परत आलास की मला खरं काय ते सांग. गोड करून नको.”

माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर मी लोकांचे डोळे तपासतो. माणसं न दिसलेलं अक्षर छातीठोकपणे वाचून दाखवतात, ते मला नवीन नाही. त्यामुळे पुढे जे सांगतोय ते दहादा तपासून सांगतोय.

२

पहिला दिवस कुणालाही सांगावा इतका सरळ गेला. सहाला उठलो, स्टोव्हवर चहा केला, ब्रेड खाल्ला, सॅक भरल्या आणि आठला वाटेला लागलो. मी पुढे पाती घेऊन खरवडत, ते मागून डबा आणि ब्रश घेऊन रंगवत. वळणावर एकमेकांना दिसेनासे झालो की त्यांची एक रीत होती, बरोबर येणाऱ्या प्रत्येकाला शिकवलेली. ब्रशच्या दांड्यानं डब्यावर दोनदा वाजवायचं, म्हणजे ‘कुठे आहात?’ माझ्याजवळ पाण्याची पत्र्याची बाटली होती, तिच्यावर मी दोनदा वाजवायचो, म्हणजे ‘इथेच’. ओरडून घसा बसतो, आणि डोंगरात हाक कुठून आली ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

“जावईबापू, खरवडायचंय, सोलायचं नाही. झाड आहे ते, बटाटा नाही.”

त्यांच्या डोक्यात काही बिघडलंय असं मला कुठे दिसेना. प्रत्येक दगड त्यांच्या ओळखीचा होता. ह्याच्यावर रंग टिकत नाही, आतून पाणी झिरपतं. इथे कुणा दोन पोरी दुसऱ्याच वाटेला लागल्या होत्या, तिसऱ्या दिवशी सापडल्या, म्हणून इथे एकाखाली एक दोन पट्टे. रात्रीच्या सुपात तेवढं त्यांनी दोनदा मीठ घातलं. मी गुपचूप प्यायलो. सासऱ्यासमोर जावयानं तोंड वाकडं करायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला, दुसरा निवारा अर्ध्या तासावर असताना, ते वाटेखाली आडोशाला गेले. डबा सवयीनं हातातच होता. पाचेक मिनिटांनी त्यांचा आवाज आला.

“जरा इकडे या.”

मी दहा-पंधरा पावलं उतरलो. ते एका सरळसोट झाडाच्या पलीकडे उभे होते. झाडाच्या दरीकडच्या अंगाला पिवळा पट्टा होता. मी बोट लावलं. बोटाला रंग आला.

“आत्ता मारलात?”

“मी कशाला मारू? इथून वाट कुठे जाते?”

“मग कोणी मारला?”

“तेच विचारतोय.” त्यांनी चष्मा वर सरकवून जवळून पाहिलं. “हा हात माझा नाही.”

“बाबा, पट्ट्यात काय हात ओळखू येणार?”

“तुम्हाला तुमचं अक्षर ओळखू येत नाही?”

माझ्या डोळ्यांना तो पट्टा त्यांच्या बाकीच्या पट्ट्यांसारखाच दिसत होता. तीच रुंदी, तोच पिवळा. त्यांच्या हातातल्या ब्रशच्या टोकाशी रंग ओला होता, पण तो दिवसभरच ओला होता. त्यांनी तो मला खरवडायला लावला, आणि खरवडता खरवडता बायकोला हे कसं सांगावं याची वाक्यं मी मनात जुळवायला लागलो.

३

दुसरा निवारा म्हणजे दगडी भिंतींची एकच खोली. वर पत्रा, दोन्ही बाजूंना झोपायला फळ्यांचे बाक, मधे ठेंगणं टेबल, दाराला लोखंडी कडी. खिडकी एक, तिला काचेऐवजी फळी. मागच्या बाजूला उतारावर पाण्याची टाकी, झऱ्यातून पाइपानं भरणारी. जागा स्वच्छ होती. कोपऱ्यात केरसुणीसुद्धा होती.

सासरे हात धुवायला गेले तेवढ्यात मी एक काम केलं, ज्याची मला थोडी लाज वाटली. रंग ढवळायची काडी डब्यात उभी बुडवली, ओल्या रेघेवर नखानं खाच पाडली, आणि काडी पुसून माझ्या सॅकच्या आतल्या कप्प्यात ठेवली. डबा माझ्या बाकाखाली सरकवला. ब्रश धुऊन माझ्या उशाला ठेवला. दाराची कडी मीच घातली.

सकाळी उठलो तेव्हा ते घोरत होते. कडी तशीच होती. ब्रश कोरडा खडखडीत. काडी बुडवून पाहिली, रंग बरोब्बर खाचेपर्यंत. मला बरं वाटलं. मी भांडी घेऊन पाण्याला गेलो.

टाकीशी जायला थोडं उतरावं लागतं. भांडी भरून वळलो, आणि तोंड निवाऱ्याकडे झालं, तेव्हा ते दिसले. मी ज्या झाडांमधून उतरून आलो होतो त्यातल्या तीन खोडांवर पिवळे पट्टे होते. चौथा निवाऱ्याच्या मागच्या भिंतीवर, कोपऱ्याच्या दगडावर होता. त्यातून रंगाचा एक थेंब खाली ओघळत होता. मी पाहत असताना तो ओघळत होता.

मी भांडी खाली ठेवली आणि दरीकडे वळून पाहिलं. झाडंच झाडं, आणि त्यांच्यात भरलेलं पांढरं धुकं. पट्टा एकही नाही. पुन्हा वर पाहिलं, तर चार.

मी सासऱ्यांना उठवलं. ते स्वेटर चढवत आले आणि माझ्याशेजारी उभे राहिले.

“रंग तितकाच आहे,” मी म्हणालो. “मी मोजला.”

“म्हणजे तुम्हाला मीच वाटत होतो.”

“तसं नाही...”

“तसंच आहे. असू दे.” त्यांनी भिंतीकडे बोट केलं. “खूण नेहमी चालणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असते. वाटेवर दोन्ही अंगांना मारतो ती एवढ्यासाठीच. ह्या एकाच अंगाला आहेत. ह्या कुणाच्या डोळ्यांसमोर येतात, सांगा.”

“खालून येणाऱ्याच्या.”

“हं. ह्या आपल्याला तिकडे न्यायला नाहीत. इकडे यायला आहेत.”

४

खाली काही नाही, हे मला नकाशावरून माहीत होतं. उतार तीव्र होत जातो, मग कडा, मग दरी. पलीकडच्या डोंगरातही वस्ती नाही.

“दुसऱ्या कुठल्या तुकड्याचा माणूस असेल,” मी म्हणालो. “चुकून ह्या बाजूला आला असेल.”

“माणसं चुकतात. रंगाचा डबा घेऊन नाही चुकत.”

“मग आता आहे कुठे तो? भिंतीपर्यंत आला, रंग ओला आहे, आणि आत आला नाही?”

“परत गेला असेल खाली. आपण काय करतो? आधी खुणा करतो, मग मागे फिरून सामान उचलतो.”

हे पटण्यासारखं होतं. पटण्यासारखं होतं म्हणूनच मला ते आवडलं नाही.

चहा न घेताच त्यांनी पाती हातात घेतली. चुकीची खूण मागे ठेवून पुढे जायचं नाही, हा मंडळाचा नियम. त्या दोन पोरी चुकल्या होत्या त्याही कुणा लाकूडतोड्यानं सोडलेल्या रंगाच्या ठिपक्यांमुळे. त्यांना शोधायला सासरे स्वतः गेले होते, आणि ते त्याबद्दल फारसं बोलत नसत.

भिंतीपासून सुरुवात केली. मी खरवडत होतो, ते पुढचा पट्टा शोधत होते. त्या कामात एक वाईट गोष्ट होती. पट्टा दरीकडच्या अंगाला, म्हणजे प्रत्येक वेळी झाडाच्या खाली जायचं, मग वळायचं, दरीकडे पाठ करायची आणि खरवडत उभं राहायचं. पाठीला डोळे असते तर बरं, असं माणूस म्हणतो. मला त्या सकाळी ते अजिबात नको होते.

पाचव्या झाडाशी माझ्या ध्यानात आलं की मी वाकून काम करतोय. भिंतीवरचा पट्टा छातीच्या उंचीला होता. इथला कमरेला. सहावा, सातवा त्याहून खाली. आठवा गुडघ्याला. वरचे पट्टे ओले होते, इथले पातीखाली पापुद्रे होऊन निघत होते, म्हणजे दोन-तीन दिवसांचे तरी असणार. अकराव्यासाठी मला जमिनीवर बसावं लागलं. तो घोट्याच्या उंचीवर होता, मुळांना लागून.

“बाबा,” मी म्हणालो, “हा रंगवायला माणूस झोपलेला असायला हवा.”

“किंवा रांगत.” ते माझ्या डोक्यावरून वर पाहत होते, खरवडलेल्या झाडांच्या ओळीकडे. “वर येता येता उभा राहिलाय.”

मी शेवटचा पापुद्रा काढला. लाकूड खाली पांढरं निघालं.

तेव्हा खालून, धुक्यातून, डब्यावर दोनदा वाजलं.

५

मी सासऱ्यांकडे पाहिलं ते केवळ त्यांनीच वाजवलं असावं म्हणून. डबा त्यांच्या डाव्या हातात होता, ब्रश उजव्या. आणि बावीस वर्षांची सवय वाईट असते. त्यांचा चेहरा अजून विचारच करत होता, तेवढ्यात त्यांच्या हातानं उत्तर दिलं. टक्, टक्.

‘इथेच.’

नंतर काही ऐकू आलं नाही. पानही हललं नाही. सासरे आपल्या उजव्या हाताकडे पाहत उभे होते, दुसऱ्याचा हात असावा तसे.

मग आम्ही वर निघालो. पळालो नाही. त्यांचे गुडघे पळण्यातले नव्हते, आणि पळायला लागलो तर थांबता येणार नाही असं मला वाटत होतं. निवाऱ्याच्या कोपऱ्याला आल्यावर मी भिंत धरून वळलो. वळायला नको होतं, हे नंतर सुचलेलं शहाणपण.

सातव्या झाडाशी कोणीतरी उभं होतं.

अंतर चाळीसेक पावलं. मधे धुकं. मला पाठ दिसली, की पोट, ते सांगता येणार नाही. चेहरा नव्हता असं मी म्हणणार नाही. मला दिसला नाही, इतकंच. एक हात दिसला. तो झाडाच्या खोडावरून फिरत होता. तळवा सपाट टेकवून वर, खाली, पुन्हा वर. जिथे मी खरवडलं होतं त्याच जागेवर. वीज गेल्यावर माणूस परक्या घरात भिंतीवर बटण शोधतो, तसा. घाई नव्हती त्यात. राग तर नव्हताच. शोधत होता, आणि सापडत नव्हतं.

सासरे माझ्याशेजारी होते. त्यांनीही पाहिलं.

“चल,” ते म्हणाले.

आठ वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा ‘अरे-तुरे’ केलं.

सॅक भरल्या त्याही कशाबशा. आमच्या तुकड्याचा पुढचा, खिंडीपर्यंतचा भाग तसाच सोडून आम्ही उलट्या दिशेनं निघालो. पहिल्या निवाऱ्यात थांबलो नाही, फक्त पाणी भरलं. अंधार पडायच्या आत डांबरी सडक लागली. वाटेत मागून काही वाजलं नाही. वाजलं असतं तर बरं झालं असतं, असं सासरे एकदाच म्हणाले. मी का ते विचारलं नाही.

६

बायकोला मी खरं सांगितलं, म्हणजे निम्मं. बाबांचं डोकं ठिकाणावर आहे, मीठ दोनदा घालतात. कुणीतरी चुकीचे पट्टे मारले होते, ते आम्ही काढले. मंडळाला रीतसर पत्र लिहिलं. पंधरा दिवसांनी त्यांची दोन माणसं जाऊन आली. भिंत आणि झाडं खरवडलेली आहेत, त्यापलीकडे काही नाही, कोणी हरवल्याची तक्रारही कुठे नाही, असं त्यांनी कळवलं.

सासरे दर रविवारी जेवायला येत. पूर्वी माझ्या दुकानातल्या गिऱ्हाइकांचे किस्से ऐकायला त्यांना आवडायचं. आता ऐकत, पण हसायच्या जागी हसत नसत. एका रविवारी बायको भांडी घासत होती, तेव्हा ते हळूच म्हणाले,

“चाचपत होता तो.”

“बाबा, धुकं होतं. आपण घाबरलेलो होतो.”

“बावीस वर्षं मी माणसांना वाट दाखवली. एकाची पुसली.”

“माणूस असता तर हाक मारली नसती?”

“मारली की. डब्यावर.” त्यांनी टेबलावर सांडलेलं भाताचं एक शीत बोटानं उचलून ताटात ठेवलं. “आणि मी ‘इथेच’ म्हटलं. ‘इथेच’ म्हटलं आणि निघून आलो.”

“तुम्ही मुद्दाम नाही म्हटलंत.”

“त्याला काय माहीत?”

मी दुसरा विषय काढला. तो विषय काय होता ते मला आता आठवत नाही. ते चष्मा पुसत राहिले, काचा स्वच्छ असूनही.

७

त्यानंतर दोन महिन्यांनी, एका मंगळवारी, बायकोचा दुकानात फोन आला. बाबा घरी नाहीत. शेजाऱ्यांनी पहाटे त्यांना सॅक घेऊन जाताना पाहिलंय. अंथरूण घडी करून ठेवलंय, गॅस बंद आहे, खिडक्या लावल्यात.

“विसरभोळा माणूस एवढं नीट आवरून जातो का रे?” तिनं विचारलं. “कुठे गेले असतील?”

“मला माहीत आहे,” मी म्हणालो.

मंडळाची दोन माणसं माझ्यामागून निघणार होती. मी थांबलो नाही. पहिल्या निवाऱ्यात रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी दुसऱ्यापाशी पोचलो. ऊन स्वच्छ होतं, धुक्याचा मागमूस नव्हता. पत्रा तापून मधूनच तडतडत होता. आतून स्टोव्हच्या तेलाचा वास येत होता. मला हायसं वाटलं.

आधी मी मागे डोकावलो. कोपऱ्याच्या दगडावर नवा पिवळा पट्टा होता. दोन पावलं उतरून वळलो. झाडंही रंगवलेली होती. आपल्याला पट्ट्यातला हात ओळखू येत नाही असं मी म्हटलं होतं. ते खोटं ठरलं. हे सासऱ्यांनी रंगवलेले होते, नीट, सावकाश, कडा सरळ ठेवून. ओळ खालपर्यंत गेलेली असणार. मी टाकीपर्यंतही उतरलो नाही, माघारी फिरलो.

दार उघडंच होतं. ते बाकावर बसले होते. दाढी केलेली, केस विंचरलेले, बोटांना पिवळा रंग. स्टोव्हवर चहा उकळत होता.

“आलात? बरं झालं,” ते म्हणाले. “काम झालं.”

“बाबा, घरी चला. ती काळजीनं अर्धी झालीय.”

“जाऊ या की. बसा, चहा घ्या.”

“चहा वाटेत घेऊ. उठा.”

“थांबा हो. हात धुवायला गेलाय तो. हा रंग लवकर निघत नाही.”

तेव्हा मला पाण्याचा आवाज ऐकू आला. म्हणजे तो मी आलो तेव्हापासून येत असणार, आणि पाइप गळतोय असं मी धरून चाललो होतो. मागच्या टाकीशी पाणी पडत होतं. पाण्याबरोबर आणखी एक आवाज होता, दगडावर काहीतरी घासल्याचा. लांब, सावकाश. एकदा ह्या बाजूनं, एकदा त्या बाजूनं.

मघाशी मी टाकीपर्यंत उतरलो नव्हतो.

“कोण?” मी विचारलं. आवाज कुजबुजल्यासारखा निघाला.

“नाव नाही विचारलं. दमून आलेल्या माणसाला लगेच विचारू नये.”

मी त्यांचा दंड धरला. पाइप असेल, मी स्वतःला सांगत होतो, वाऱ्यानं फांदी घासत असेल. वारा नव्हता. दंड गरम होता, रोजच्यासारखा, हडकुळा. डोळे स्वच्छ होते. गेल्या दोन महिन्यांत मी त्यांना इतकं निवांत पाहिलं नव्हतं.

“बाबा, आत्ताच्या आत्ता निघायचं. पुढच्या बाजूनं. काही न बोलता.”

सासऱ्यांनी माझा हात हळूच सोडवला आणि रीतभात न शिकलेल्या पोराकडे बघावं तसं माझ्याकडे पाहिलं.

“न सांगता निघणं बरं दिसतं का?”

मागे पाण्याचा आवाज थांबला.